मधली वाटी

दुपारचे साडेचार वाजले होते. अण्णा फडताळासमोर उभे होते. एकेक डबा उचलायचा, झाकण काढायचं, नाकाशी न्यायचा. रवा. झाकण लावून परत जागेवर. बेसन. परत जागेवर. मी मागच्या दारानं आत आले होते, चपला अजून पायातच होत्या, आणि मी तशीच थांबले. पाचव्या डब्यात चहापत्ती सापडली. मग साखरेसाठी पुन्हा पहिल्यापासून.

त्या फळीवरचे बाराही डबे मी आणलेले होते. मागच्या दिवाळीत, पुण्याहून. एका मापाचे, एका आकाराचे, निळ्या झाकणांचे. त्याआधी आईच्या फळीवर डालड्याचा जुना पत्र्याचा डबा होता, बोर्नव्हिटाची बाटली होती, आजीचा ठोक्याचा पितळी डबा होता, कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेला उभट स्टीलचा डबा होता. मला ती फळी विसकटलेली वाटायची. मी सगळं एकसारखं केलं, सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या आणि फोटो काढून धाकट्या बहिणीला पाठवला. डालड्याचा डबा म्हणजे साखर, हे अण्णांच्या बोटांना पस्तीस वर्षं ठाऊक होतं. ज्यांना चिठ्ठी वाचता येत नाही त्यांच्या हातातली खूण मी काढून घेतली होती, आणि ते मला सहा महिन्यांनी, मागच्या दारात उभं राहून कळलं.

अण्णांना काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. उजव्याची कडेची नजर गेली, मधली थोडी उरली आहे. नळीतून बघितल्यासारखं दिसतं, असं ते सांगतात. वर्तमानपत्राचा मथळा डोळ्यासमोर धरला तर एकेक अक्षर करत वाचतात, पण शेजारी ठेवलेली काठी त्यांना दिसत नाही. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही. तो कडेनं गुपचूप आत सरकतो, आणि डोळ्याच्या नसेचं जे नुकसान होतं ते कुठल्याही शस्त्रक्रियेनं भरून येत नाही. थेंब घालायचे ते उरलेलं राखण्यासाठी. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्या, असं मी आता भेटेल त्याला सांगत असते. आमच्याकडे ते उशिरा झालं.

पण नजर अशी आकसली की घरात नेमकं काय होतं, ते मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं. आपण वस्तू शोधतो म्हणजे फळीवरून एकदा नजर फिरवतो. अण्णांना ते फिरवणंच उरलेलं नाही. नळीएवढ्या गोलातून त्यांना फळी वीत-वीत तपासावी लागते. वस्तू कुठे आहे हे ठाऊक असेल तर त्यांचं काहीच अडत नाही. ठाऊक नसेल तर ती वस्तू घरात नसल्यासारखीच.

आई मार्च संपता संपता नागपूरला गेली होती, बहिणीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. तीन महिन्यांचा मुक्काम. शेजारच्या काकू दोन्ही वेळचं जेवण आणून देत होत्या. मी पुण्यात बालवाडीत शिकवते. मे महिना सुट्टीचा, म्हणून स्वारगेटहून वाईची एसटी पकडून आले होते. फोनवर अण्णा रोज म्हणायचे, "सगळं व्यवस्थित आहे गं." चहाचं काय करता, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ते सकाळ-दुपार रस्ता ओलांडून टपरीवर जात होते. आणि ज्या दिवशी उन्हाचा तडाखा फार असेल त्या दिवशी असे डबे हुंगत होते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासारखा चहा करून पाहिला. डोळे मिटून नव्हे. नुसती पावलं मोजत. पातेलं मांडणीत, तेही खालच्या कप्प्यात, मोठ्या पातेल्यांच्या पोटात. गाळणं दारामागच्या खिळ्याला. पत्ती आणि साखर फडताळात. आलं फ्रिजमध्ये, किसणी ओट्याखालच्या खणात. दूध फ्रिजमध्ये, चिमटा गॅसमागच्या खिडकीत, लायटर देवघरात, कारण काडेपेटी संपली होती आणि सकाळी निरांजनासाठी तो तिकडे गेला होता. एका कपासाठी सात ठिकाणं आणि एकतीस पावलं. यातली एकही वस्तू चुकीच्या जागी नव्हती, हे मला त्या रात्री झोप येईपर्यंत छळत राहिलं. पातेली पातेल्यांत होती, डबे डब्यांत होते. घर व्यवस्थितच लावलेलं होतं. ते वस्तूंच्या नात्यानं लावलेलं होतं. माणसाच्या कामाच्या नात्यानं लावलेलं नव्हतं.

आणि हे मला सुचायला इतका वेळ लागावा, याचं जास्त वाईट वाटलं. कारण बालवाडीत मी बावीस वर्षं दुसरं काही करत नाही. आमच्या वर्गात कात्र्यांचा एक डबा, कागदांचा एक गठ्ठा, डिंकाचा एक खण असं कधी नसतं. चिकटकामाच्या कोपऱ्यात एक तबक असतं, त्यात डिंक, कागदाचे कपटे, बोटं पुसायला ओलं फडकं. मातीकामाच्या कोपऱ्यात मातीचं सगळं. बाहुलीघरात बाहुलीचं. तीन वर्षांचं मूल तबक उचलतं, चटईवर बसतं, खेळतं आणि तबक परत ठेवतं. त्याला वाचता येत नाही, कुणी सांगावं लागत नाही. मारिया माँटेसरींनी 1907 साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिली शाळा काढली तिचं नावच 'मुलांचं घर' असं होतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं जे काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं, त्यात विकतच्या महागड्या साधनांच्या जागी चिंचोके, शिंपले, बिया, मातीची भांडी आली. सामान बदललं, तरी एका कामाचं सगळं मुलाच्या हाताला एका ठिकाणी मिळायचं, ते तसंच राहिलं. ज्याला वाचता येत नाही, ज्याचा हात उंच पोहोचत नाही, त्यालाही आपलं काम आपण करता यावं म्हणून ही रचना. मी ती रोज तीस मुलांसाठी मांडत होते आणि माझ्या वडिलांसाठी चिठ्ठ्या चिकटवत होते.

सकाळी अण्णांना मी हे सांगितलं. मला वाटलं, लहान मुलांची उपमा त्यांना लागेल. ते म्हणाले, "मग ही केसच की."

अण्णा तीस वर्षं कंपोझिटर, म्हणजे छपाईसाठी अक्षरं जुळवणारे, होते. वाईतल्याच एका छोट्या छापखान्यात. वाई म्हटलं की लोकांना विश्वकोश आठवतो. 1976 साली त्याचा पहिला खंड निघाला तेव्हा गावाला काय अभिमान वाटला होता, ते अण्णा अजून सांगतात. त्यांच्या छापखान्यात मात्र लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रेची हँडबिलं, शाळांची प्रगतिपुस्तकं. सतराव्या वर्षी खिळे जुळवायला उभे राहिले ते नव्वदच्या दशकात संगणक येऊन जुळणीचं काम संपेपर्यंत.

ज्यांनी तो छापखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. केस म्हणजे लाकडाचा उथळ, मोठा ट्रे, आत खणच खण. एकेका खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. शिसं, त्यात थोडं अँटिमनी आणि कथील. कंपोझिटर उभा, डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची लहान पट्टी, समोर तिरक्या मांडलेल्या केसा. उजवा हात खणात जातो, खिळा उचलतो, स्टिकमध्ये लावतो. अक्षर उलटं, आरशातल्यासारखं. देवनागरीत नुसती मुळाक्षरं पुरत नाहीत. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, सगळ्यांना खण लागतात, म्हणून एका केसेत भागत नाही.

लहानपणी सुट्टीत मी डबा द्यायला जायचे तेव्हा मला एका गोष्टीचं कोडं पडायचं. खण बाराखडीच्या क्रमानं नव्हते. क नंतर ख नाही, ख नंतर ग नाही. मी दुसरीत होते, बाराखडी नुकती पाठ झाली होती, आणि मला वाटलं की छापखान्यातल्या लोकांना ती येत नसावी. अण्णांनी मला स्टुलावर उभं केलं आणि दाखवलं. ज्याला जास्त काम त्याला मोठा खण, आणि तो मध्ये, हाताच्या टप्प्यात. काना सगळ्यात जास्त लागतो, त्याचा खण ऐसपैस. ङ वर्षातून कधीतरी लागतो, तो कोपऱ्यात. "बाराखडी शिकण्यासाठी असते. इथं काम करायचंय."

म्हणून "मग ही केसच की" या चार शब्दांत त्यांनी माझा सगळा विचार ओलांडून पुढे पाऊल टाकलं होतं. त्यांना केस बघून जुळवायची सवय कधीच नव्हती. नजर हस्तलिखितावर, हात खणात. न बघता उचलणं हाच त्यांचा धंदा होता. त्यांच्याकडे तीस वर्षांचं असं एक कसब पडून होतं आणि त्याला चालायला घरात केस नव्हती.

मग आम्ही दोघांनी आठ दिवस घर लावलं. 'दोघांनी' हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. पहिल्या दिवशी मी एकटीच भराभर सामान हलवायला लागले होते, तेव्हा ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाले, "हात माझा आहे. टप्पा माझ्या हाताचा घे."

चहापासून सुरुवात केली. गॅसच्या डाव्या हाताला, ओट्यावरच, एक जुनं पितळी ताट. त्यात दोन कपांचं पातेलं, गाळणं, चिमटा, किसणी, पत्ती, साखर, लायटर. पत्तीला बोर्नव्हिटाची बाटली माळ्यावरून परत खाली आली, साखरेला डालड्याचा डबा. आलं आणि दूध फ्रिजमध्येच राहणार, पण फ्रिजच्या दारात, वरच्या कप्प्यात, आणि तिथे दुसरं काही ठेवायचं नाही. चार पावलं. पहिला चहा त्यांनी केला तेव्हा साखर जास्त झाली, कारण त्या डब्यातला चमचा मी बदलला होता. चमचासुद्धा खुणेचा भाग असतो, हे त्यांनीच लक्षात आणून दिलं. जुना चमचा शोधून परत टाकला.

डोळ्यांच्या थेंबांचं काम सगळ्यात जपून केलं. दोन बाटल्या: एक सकाळ-संध्याकाळ, एक फक्त रात्री. दोन्हींमध्ये किमान पाच मिनिटं सोडायची असतात, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो. बाटल्या आकारानं जवळजवळ सारख्या. मी रंगीत चिकटपट्टीचा विचार करत होते. अण्णांनी रबरबँड मागितला. "खिळ्याला खाच असते," ते म्हणाले. खरंच असते. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एका बाजूला खाच पाडलेली असते. बोटाला ती लागली की अक्षर सरळ की उलटं हे न बघता कळतं. सकाळच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन. दोन्ही पलंगाशेजारच्या एका पसरट डब्यात, सोबत स्वच्छ कापूस आणि बोलणारं घड्याळ. मुंबईहून भाच्यानं आणून दिलेलं ते घड्याळ बटण दाबलं की वेळ सांगतं. आजवर ते दिवाणखान्यात शोभेला होतं.

बाकीची कामं भराभर होत गेली. दाढीचं सामान न्हाणीघरात एका प्लास्टिकच्या टोपलीत. बाहेर जाण्याचं दाराशी, उजव्या हाताला: काठी, टोपी, किल्ली, कापडी पिशवी, आणि एसटीसाठी आधार कार्ड, कारण 75 वर्षांवरच्यांना 2022 च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि अण्णांना त्याचं अप्रूप आहे. निवृत्तिवेतनाची एक फाईल, तिच्यात पासबुक आणि हयातीच्या दाखल्याला लागणारं सगळं. विजेच्या बिलांची वेगळी.

खरा वाद झाला तो कात्रीवरून. घरात एक चांगली कात्री. ती शिवणाच्या डब्यात, पण दुधाची पिशवी कापायला ओट्यावर, वर्तमानपत्रातलं कात्रण कापायला टेबलावर आणि देवापुढच्या वाती सारख्या करायला देवघरात. काडेपेटीचंही तसंच, ती सकाळी गॅसपाशी, मग देवाकडे, मग डास फार झाले की कडुलिंबाच्या धुरासाठी अंगणात. मी म्हटलं, चार कात्र्या घेऊ. अण्णांच्या पिढीला हे पटत नाही. एका घरात चार कात्र्या म्हणजे उधळपट्टी. दोन दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "अण्णा, ठळक टायपाच्या केसेत क असायचा ना? आणि बारीक टायपाच्या केसेत?"

"असायचाच. प्रत्येक केसेला आपापला क."

"मग?"

ते बराच वेळ गप्प होते. संध्याकाळी गणपती घाटाकडून फिरून येताना त्यांनी स्वतःच दोन कात्र्या आणि सहा काडेपेट्या आणल्या.

पण त्यांनी मलाही एका ठिकाणी अडवलं, आणि तिथे त्यांचंच बरोबर होतं. चहाचं जमलं म्हणून मी पोह्यांचंही तसंच करायला निघाले. पोहे, शेंगदाणे, मोहरी, हळद, हिंग, सगळं एका टोपलीत. मग उपम्याची एक टोपली. मग वरणाच्या फोडणीची. अण्णांनी विचारलं, "म्हणजे मोहरी तीन ठिकाणी?" मी म्हटलं, प्रत्येक केसेला आपापला क. ते म्हणाले, "नाही. तो क झाला. मोहरी म्हणजे काना. तो प्रत्येक अक्षराच्या मागं लागतो, म्हणून तर तो मधे." आणि त्यांनी ओट्यावर हात फिरवून आईचा मिसळणाचा डबा पुढे ओढला. सात वाट्या. मोहरी, जिरं, हळद, तिखट, हिंगाची डबी, मेथ्या, धनेपूड. त्यांनी न बघता मधल्या वाटीत बोट घातलं. मोहरी. प्रत्येक फोडणीत आधी तीच पडते, म्हणून आईनं ती मध्ये ठेवली होती. आईची आई मध्ये ठेवायची. त्या डब्याला मी आयुष्यभर नुसता डबा समजत आले होते.

त्यानंतर मला हे सगळीकडे दिसायला लागलं. जुन्या घरांच्या खोल्यांची नावंच कामांवरून: स्वयंपाकघर, देवघर, कोठीघर, न्हाणीघर. आता आपण घर सांगतो ते झोपायच्या खोल्या मोजून, वन बीएचके, टू बीएचके. न्हाव्याची धोपटी, आजीचा बटवा, पानाचं तबक, त्यात अडकित्ता, चुन्याची डबी, कात, सुपारी. ताम्हण, पळी आणि पंचपात्र आपण कधी इतर भांड्यांत मिसळून ठेवत नाही. दिवाळीचा सोऱ्या, चकलीच्या चकत्या आणि करंजीचं कातण बहुतेक घरांत एकाच डब्यात सापडेल. जिथं काम मोठं, ठरलेलं आणि मानाचं, तिथं आपण सामान कामाभोवतीच जमवत आलो. फक्त रोजच्या चहाला, औषधाला, बाहेर पडण्याला तो मान कधी दिला नाही.

जूनच्या शेवटी आई परत आली.

तिनं पाय धुतले, देवाला नमस्कार केला आणि स्वयंपाकघरात गेली. मी त्या शनिवारी मुद्दाम आले होते. ती काही बोलली नाही. मांडणीसमोर उभी राहिली, फडताळ उघडलं, मिटलं. झारा शोधला, तो मिळाला नाही. मग तिनं विचारलं, "माझं स्वयंपाकघर कुठं गेलं?"

मला याचं उत्तर देता आलं नाही. आठ दिवस मी अण्णांच्या हाताचा टप्पा मोजत होते आणि त्या खोलीत पन्नास वर्षं रोज दोन वेळा उभी राहणारी बाई माझ्या मोजमापात आली नव्हती. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टमधल्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या डब्यातलं स्वयंपाकघर बघून, बाईची पावलं वाचावीत म्हणून, जेमतेम दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब. धान्याला नावं कोरलेले अॅल्युमिनियमचे खण, पीठ टिकावं म्हणून त्याला ओकच्या लाकडाचा खण. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. पण त्यात एका वेळी एकाच बाईनं उभं राहायचं होतं आणि खण जिथं बसवले तिथंच राहायचे होते. एका हातासाठी इतकी बारीक आखलेली जागा दुसऱ्या हाताला नडते. आमच्या घरात दोन हात होते, आणि आईचा हात अण्णांच्या हातापेक्षा वीतभर खाली पोहोचतो.

पुढचे दोन दिवस आई आणि अण्णा बोलत होते. मी ऐकत होते. चहाचं ताट राहिलं, पण ते गॅसच्या डावीकडून खिडकीकडे सरकलं, कारण डावीकडे आई पोळपाट ठेवते. अण्णा नव्या जागेपाशी उभे राहिले, आई सांगत गेली, "इथं पातेलं, त्याच्या पुढं बोटभर सोडून साखर," आणि त्यांनी तीनदा हात नेऊन पाहिला. माझे बारा निळे डबे आईनं फराळासाठी ठेवले, माळ्यावर. झारा, पळी, उलथणं परत तिच्या खिळ्यांवर गेलं. जे अण्णांच्या कामाचं आहे ते अण्णांना विचारल्याशिवाय हलवायचं नाही, असं तिनं स्वतःहून ठरवलं, आणि शेजारच्या काकूंनाही बजावलं. नजर गेलेल्या माणसाच्या घरात सगळ्यात मोठी मदत तीच आहे. वापरलेली वस्तू तिथंच परत ठेवणं. छापखान्यात छपाई झाली की जुळवलेला मजकूर सुटा करून प्रत्येक खिळा त्याच्या खणात परत टाकायला लागायचा, आणि ते काम जुळवण्याइतकंच महत्त्वाचं मानलं जायचं. एक खिळा चुकीच्या खणात पडला तर पुढच्या माणसाच्या पत्रिकेत चूक.

रात्री आईनं नागपूरहून परत आणलेली ट्रंक उघडली. मी ती ट्रंक पाहिलेली होती, पण उघडी कधी पाहिली नव्हती. तिच्यात बाळंतपणाचं सगळं. जुन्या मऊ धोतरांचे लंगोट, दुपटी, कुंच्या, टकुच्या. धुरीसाठी ओवा आणि बाळंतशेपांच्या पुरचुंड्या. शेकाची लहान शेगडी. बाळगुटीची सहाण, आणि एका डबीत गुटीचं सामान: वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, हिरडा, बेहडा. कशाचे किती वेढे घ्यायचे ते वरच्या झाकणाच्या आत तिच्या सासूच्या हातचं पेन्सिलनं लिहिलेलं. माझ्या वेळी ही ट्रंक पुण्याला आली होती, बहिणीच्या पहिल्या वेळी नागपूरला, आता पुन्हा. मार्चमध्ये कळा लवकर सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा आई अर्ध्या तासात घराबाहेर पडली होती, आणि मला तेव्हा वाटलं होतं की घाईत तिचं निम्मं सामान राहिलं असणार. "काम आलं की ट्रंक उचलायची," ती म्हणाली. "बाळ येताना काय थांबतंय, तू सहाण शोधेपर्यंत."

ती धुऊन, उन्हात वाळवून आणलेले लंगोट पुन्हा घड्या करून आत ठेवत होती. आता आमच्या घरात बाळंतपण कुणाचं व्हायचं राहिलेलं नाही. तिनं डांबरगोळ्या टाकल्या आणि झाकण लावलं. मी काही विचारलं नाही.

असंच एक काम अण्णांचंही होतं. घर लावताना पलंगाखाली एक पत्र्याची पेटी निघाली होती. तिच्यात त्यांची स्टिक, खिळे उचलायचा चिमटा, एक ब्रश आणि दोन ओंजळी खिळे. छापखान्यातला टायप भंगारात वजनावर गेला तेव्हा मालकांकडून मागून घेतलेले. सगळे एकमेकांत मिसळलेले. मी ती पेटी माळ्यावर टाकली होती. कामं मांडत होते, आणि हे काम संपलेलं होतं.

बाळाचं नाव मीरा ठेवलं. बारसं नागपूरलाच झालं होतं. आईनं मोबाइलवरचे फोटो अण्णांच्या डोळ्यासमोर धरून दाखवले. पाळणा दिसला, बाळाचा चेहरा त्यांच्या गोलात एकदम मावेना, तो त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी पाहिला. मग त्यांनी ती पेटी खाली काढायला सांगितली.

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. अण्णा मांडी घालून बसले आणि एकेक खिळा बोटांत फिरवायला लागले. आधी खाच. मग अंगठ्याचं टोक अक्षरावरून. म सापडायला बराच वेळ लागला, कारण तो भ सारखा लागतो. र लगेच मिळाला. वेलांटी मिळाली, पण ऱ्हस्व. मिसळलेल्या ढिगात पुन्हा पुन्हा तेच खिळे हाताला येत होते. आई समोर बसून बघत होती. थोड्या वेळानं ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तिचा जुना पितळी मिसळणाचा डबा घेऊन आली. ज्याची कल्हई गेली म्हणून दहा वर्षं तो वापरात नव्हता, तो. घासून, पुसून तिनं तो त्यांच्या मांडीसमोर ठेवला. सात रिकाम्या वाट्या.

अण्णांनी डब्याच्या कडेवरून हात फिरवला, वाट्या मोजल्या.

"मधल्या वाटीत काय घालणार?" आईनं विचारलं.

"काना."